डफडे कोणाचे?



डफडे वाजविणे ही कला की गुलामगिरी? हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, शाळेच्या स्नेहसंमेलनात भेटला. सातवीतला एक मुलगा डफडे उत्तम वाजवितो. पाहुण्यांच्या स्वागताला त्याने फाटकाशी वाजवावे, असे मी ठरविले. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. म्हणाले, "सर, माह्या बापानं फेकलेलं डफडं तुमी पोराच्या गळ्यात घालता काय?"

मी निरुत्तर झालो. विदर्भातील खेड्यांत लग्न असो, पोळा असो वा मयत, महारांनी डफडे वाजवायचे हा शिरस्ता होता. ते आमंत्रण नव्हते, हुकूम होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर गावोगावच्या आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढण्याबरोबर हे डफडेही टाकले. 'एक कला मेली' असे हळहळणारे आज भेटतात. त्यांना मी एवढेच विचारीन: ज्याला 'नाही' म्हणण्याची मुभा नव्हती, त्याच्या वाजविण्याला कला म्हणावे काय?

मग आपण कलाच सोडावी काय? मुळीच नाही. उपासकाच्या पंचशीलात गायन-वादन वर्ज्य नाही. ते वर्ज्य आहे अष्टशील पाळणाऱ्याला आणि भिक्खूला. अजिंठ्याच्या लेण्यांत तर जातककथा भिंतींवर रंगविलेल्या आहेत. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी तमाशाचाच साज उचलला. ढोलकी तीच, सवाल-जवाबही तेच. पण देवाचे स्तवन आणि गवळणींची छेडछाड गेली. तेथे अस्पृश्यता, शिक्षण आणि बाबासाहेबांची चळवळ आली. ज्या फडावर आपला समाज इतरांची करमणूक करीत होता, त्याच फडावर तो स्वतःशी बोलू लागला. हाच आंबेडकरी जलसा.

चित्र-शिल्पाचेही तसेच. जातीव्यवस्थेने आपले एकच चित्र रंगविले: वाकलेली पाठ आणि हाती झाडू. चौकातल्या पुतळ्यात बाबासाहेब ताठ उभे आहेत, अंगात कोट, हाती संविधान. ती मूर्ती पाहत वाढलेल्या मुलाला ताठ उभे राहा म्हणून वेगळे सांगावे लागत नाही.

भगवान बुद्धांनी कर्माचे मूळ चेतनेत सांगितले आहे. वाद्य स्वतः शुद्धही नसते, अशुद्धही नसते. कोणापुढे, कशासाठी वाजवायचे आणि कधी वाजवायचे नाही, हे वाजविणारा स्वतः ठरवितो काय, हीच खरी कसोटी होय.

त्या कसोटीला मीच उतरलो नव्हतो. मुलाला फाटकाशी उभे करून मी त्याला आजोबाच्या जुन्या जागी नेत होतो, आणि त्याला विचारलेही नव्हते. मग विचारले. तो म्हणाला, "सर, मी चवदार तळ्याचा पोवाडा म्हणतो, स्टेजवर." त्याने म्हटला, डफड्यावर. वडील मागच्या रांगेत होते. त्यांनी टाळी वाजविली नाही. पण उठूनही गेले नाहीत.

आजोबाने डफडे फेकले आणि नातवाने उचलले, यात विरोध नाही. आजोबाने ते फेकले म्हणूनच नातवाला ते आपल्या मर्जीने उचलता आले. बंधुभगिनींनो, मुलांच्या हाती वाद्य जरूर द्या. पण त्याआधी त्यांना 'नाही' म्हणायला शिकवा.