यंत्राला नाही, माणसाला हो



आपल्या जिल्ह्यातल्या घराघरांत हल्ली एक प्रश्न येऊन ठेपतो. म्हातारे माणूस अत्यवस्थ होते, गाडी नांदेडच्या दवाखान्याकडे धावते आणि डॉक्टर विचारतात, "व्हेंटिलेटर लावायचा का?" हो म्हणावे तर हळदीचा पैसा आणि शेताचा तुकडा जाणार. नाही म्हणावे तर आपणच बापाला मारले, ही टोचणी जन्मभर राहणार. अशा वेळी श्रद्धावंताने काय करावे?

यंत्र ही देवाने माणसाला दिलेल्या बुद्धीची देणगी आहे. न्यूमोनिया बरा होण्यासारखा असेल, तर व्हेंटिलेटर अवश्य लावावा. पण मरण अटळ झाल्यावर तेच यंत्र जीवन वाढवत नाही, मरणे लांबवते. पोप पायस बारावे यांनी 1957 सालीच भूलतज्ज्ञ डॉक्टरांना सांगितले होते की, रुग्णावर किंवा इतरांवर भारी ओझे टाकणारे असाधारण उपाय करण्याचे बंधन नाही. पोप जॉन पॉल दुसरे 2005 साली अखेरच्या दिवसांत पुन्हा इस्पितळात गेले नाहीत. व्हॅटिकनमधील आपल्या खोलीतच त्यांनी देह ठेवला.

येथे हेतू पाहावा लागतो. मरण यावे म्हणून इंजेक्शन देणे ही हत्याच आहे. निष्फळ उपचार थांबवणे म्हणजे आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणे. तरीही अन्नपाणी, स्वच्छता आणि वेदनाशमन बंद करता येत नाही.

पण ओझ्याचा हाच विचार लोभी माणसाच्याही सोयीचा आहे. ज्याच्या डोळ्यांपुढे बापाऐवजी सातबारा आहे, तोसुद्धा म्हणेल, "आता कशाला त्रास द्यायचा?" मग खरा आणि खोटा ओळखायचा कसा? माझ्या मते कसोटी एकच आहे. जो यंत्राला नाही म्हणतो, तो उशाशी बसायला हो म्हणतो का?

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 1973 साली हल्ला झाला आणि त्यांची जाणीव हरपली. 2015 साली त्या वारल्या. शेवटच्या आजारात त्यांना व्हेंटिलेटर लागला. पण त्याआधीची एकेचाळीस वर्षे त्यांना जगवले ते परिचारिकांच्या हातांनी. भरवणे, अंग पुसणे, कूस बदलणे, एवढेच ते काम. त्यांचे अन्न थांबवावे, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली फेटाळली, तेव्हा या परिचारिकांचेच म्हणणे वजनदार ठरले. ज्याने सेवा केली, त्याला बोलण्याचा अधिकार मिळाला.

बांद्र्याला 1986 साली सुरू झालेले शांती आवेदना सदन हेच शिकवते. कर्करोग बरा होणार नाही, असे ठरलेल्या रुग्णांसाठी देशातले ते पहिले शुश्रूषागृह. तेथे आजार हटवता येत नाही, पण वेदना कमी करता येते आणि माणूस एकटा पडत नाही.

आणखी एक गोष्ट. आपण डॉक्टरांना विचारतो, शेजाऱ्यांना विचारतो, पण ज्याचे मरण आहे त्याला विचारतच नाही. अखेरच्या उपचारांविषयीची इच्छा आधीच लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मान्यता दिली. 2023 पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडे ती नोंदवता येते. कागद नंतर करा, आधी बोला. आई-बाबांची वाचा शाबूत आहे तोवर विचारा, "तुम्हाला कुठे राहायला आवडेल? कशाची भीती वाटते?"

आणि एक विनंती. रुग्णाभ्यंगासाठी शेवटच्या श्वासाची वाट पाहू नका. रुग्ण शुद्धीवर असतानाच निरोप द्या, म्हणजे तोही आपल्याबरोबर प्रार्थना म्हणू शकेल. क्रुसापाशी उभ्या असलेल्या मरियेच्या हाती काहीच उपाय नव्हता. तरी ती तिथून हलली नाही.

आपला धर्मगुरू