दालियो यांचा चेहरा

ज्याच्याभोवती कथानक फिरत नाही, पण ज्याच्यावाचून कथानकातील जग माणसांनी भरलेले वाटत नाही, अशा नटाला चरित्र अभिनेता म्हणतात. नायकाला आपली ओळख पटवून देण्यास संपूर्ण चित्रपट मिळतो, चरित्र अभिनेत्याला मात्र बहुधा काही मिनिटेच मिळतात. म्हणून नाक-डोळे, चाल, आवाज यांवरून माणूस ओळखण्याची प्रेक्षकाला जी सवय जडलेली असते तिच्या आधारानेच त्याला काम साधावे लागते. या सवयीत अनुभवाचे शहाणपण असते, तसेच त्या त्या समाजाचे पूर्वग्रहही मुरलेले असतात. त्यामुळे अशा नटाला कोणत्या भूमिका मिळाल्या याचा इतिहास पुष्कळदा त्याच्या काळाने माणसे कशी पारखली याचाही इतिहास ठरतो, आणि फ्रेंच नट मार्सेल दालियो यांच्या बाबतीत तो फार क्रूर रीतीने घडला.

दालियो यांचा जन्म १८९९ साली पॅरिसमध्ये, रुमानियातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. ब्लाउशिल्ड हे त्यांचे मूळ आडनाव, दालियो हे रंगभूमीसाठी घेतलेले. पहिल्या महायुद्धानंतर गाणी व विनोदी प्रवेश यांच्या रंगीत कार्यक्रमांतून त्यांनी उमेदवारी केली आणि १९३०च्या दशकात ते चित्रपटांत आले. बुटकी अंगकाठी, मोठे काळे डोळे आणि सतत हलणारे हात पाहून निर्मात्यांनी त्यांच्यासाठी एक ठरीव साचा लवकरच निश्चित केला. ज्युलियँ द्युविव्हिए यांच्या ‘पेपे ल मोको’मध्ये (१९३७) ते अल्जीयर्सच्या जुन्या वस्तीतील पोलिसांचा खबऱ्या झाले, आणि फितूर, लाळघोटे, अविश्वासू अशाच परक्या माणसांच्या भूमिका त्यांच्याकडे येत राहिल्या.

हा साचा ज्याँ रेन्वार या दिग्दर्शकाने मोडला, आणि तो कसा मोडला हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धातील फ्रेंच युद्धकैद्यांवरच्या ‘ला ग्रांद इल्यूझ्याँ’मध्ये (१९३७) रेन्वार यांनी दालियो यांना रोझेनताल ही भूमिका दिली. रोझेनताल श्रीमंत ज्यू घराण्यातला आहे, त्याला घरून उत्तम खाद्यपदार्थांची पार्सले येतात आणि ती तो सर्वांना वाटतो. पैशावरून ज्यूंना हिणवण्याची जी जुनी चाल आहे, तिचीच सामग्री इथे घेतलेली आहे, परंतु तिचा उपयोग औदार्य दाखवण्याकडे केलेला आहे. तुरुंगातून पळाल्यावर रोझेनतालचा पाय मुरगळतो, थकलेला सोबती मारेशाल त्याच्यावर खेकसतो, ज्यू आपल्याला कधीच आवडले नाहीत असे तोंडावर सांगतो आणि निघून जातो. दालियो दगडावर बसून रडवेल्या रागाने मुलांचे एक गाणे मोठ्याने म्हणू लागतात. थोड्याच वेळात मारेशाल मुकाट्याने परत येतो. त्या क्षणी दालियो यांनी सहानुभूतीची याचना अजिबात केलेली नाही, हे या अभिनयाचे खरे मोल आहे. रोझेनताल चिडलेला आहे, भ्यालेला आहे आणि हट्टीही आहे. प्रेक्षकाला त्याच्यात एका जमातीचा नमुना न दिसता दुखऱ्या पायाचा एक माणूस दिसतो.

दोन वर्षांनी ‘ला रेगल द्यू ज्यू’मध्ये रेन्वार यांनी याहून मोठे धाडस केले आणि गावाकडच्या प्रशस्त वाड्यात शिकारीची मेजवानी देणाऱ्या उमरावाची, मार्की द ला शेने याची, भूमिका दालियो यांना दिली. मार्की ही फ्रेंच सरदारांची एक वरची पदवी होय. चित्रपटात नोकरमंडळी जेवताना धन्याच्या ज्यू आजोळाची कुजबुज करतात, आणि ते आजोळही रोझेनताल नावाचेच निघते. जणू आधीच्या चित्रपटातील घराणे आता सरदारीपर्यंत पोहोचले आहे. हा मार्की यांत्रिक वाद्यांचा शौकीन आहे. संग्रहातले सर्वांत मोठे वाद्य पाहुण्यांसमोर सुरू झाल्यावर कॅमेरा त्याच्यावरील रंगीत बाहुल्यांवरून सरकत दालियो यांच्या चेहऱ्याशी येतो, तेव्हा त्यावर अभिमान, लाज, मुलासारखा आनंद आणि आपण या समाजात खरेच स्वीकारले गेलो आहोत की नाही याची धास्ती, हे सारे एकाच वेळी हलत असते. रूढ अर्थाने रुबाबदार दिसणाऱ्या नटाला ही धास्ती दाखवता आली नसती. चरित्र अभिनयाची कला किती दूर जाऊ शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

जुलै १९३९मध्ये पॅरिसच्या प्रेक्षकांनी हा चित्रपट धुडकावला, आणि ज्यू नटाने फ्रेंच सरदार रंगवावा हे त्यांतील अनेकांना सहन झाले नाही. युद्ध सुरू होताच नीतिधैर्य खचवणारा म्हणून त्याच्यावर बंदीही आली. जर्मन फौजा जवळ येताच, जून १९४०मध्ये, दालियो आणि त्यांची तरुण पत्नी, अभिनेत्री मादलेन लबो, पॅरिस सोडून लिस्बनला पोहोचले. तिथे मिळवलेले चिली देशाचे व्हिसा बनावट निघाल्याने ते मेक्सिकोत अडकले आणि अखेर कॅनडाच्या तात्पुरत्या कागदपत्रांवर अमेरिकेत शिरले. इकडे व्यापलेल्या पॅरिसमध्ये नाझी प्रचारकांनी ज्यू कसा ओळखावा हे लोकांना शिकवण्यासाठी दालियो यांचेच छायाचित्र वापरले. ज्या चेहऱ्यातून रेन्वार यांनी एक गुंतागुंतीचा माणूस उभा केला होता, त्यातून माणूस काढून टाकून फक्त नमुना उरवण्याचा हा प्रयत्न होता, आणि याच विचाराने चालणाऱ्या छळछावण्यांत मागे राहिलेले त्यांचे नातलग मारले गेले.

हॉलिवूडने त्यांना वेगळा, सौम्य साचा दिला: खांदे उडवणारा, लाघवी फ्रेंच माणूस. ‘कॅसाब्लांका’त (१९४२) ते जुगाराच्या टेबलावरचे चक्र फिरवणारे एमिल आहेत, नामावळीत त्यांचे नावसुद्धा नाही, आणि त्याच चित्रपटात लबो यांना मात्र इव्हॉनची लक्षात राहणारी भूमिका मिळाली. व्हिसासाठी ताटकळणाऱ्या निर्वासितांच्या या कथेत काम करणारे कित्येक नट स्वतः निर्वासित होते, हे लक्षात घेतले म्हणजे ती छोटी भूमिकाही वेगळी दिसते. ‘टू हॅव अँड हॅव नॉट’मध्ये (१९४४) त्यांना थोडा अधिक वाव मिळाला, परंतु रेन्वार यांच्यासारखा त्यांच्या अस्वस्थतेचा अर्थ जाणणारा दिग्दर्शक तिथे त्यांना लाभला नाही, आणि हे नुकसान केवळ त्यांचे नव्हते.

युद्धानंतर ते फ्रान्स आणि अमेरिका अशा दोन्हीकडे काम करत राहिले. १९५९ साली ‘ला रेगल द्यू ज्यू’ पुन्हा जुळवून दाखवला गेला आणि जगातील श्रेष्ठ चित्रपटांत गणला जाऊ लागला, तेव्हा दालियो साठीच्या उंबरठ्यावर होते. १९७३मध्ये जेरार उरी यांच्या ‘राबी जाकोब’ या अतिशय लोकप्रिय विनोदी चित्रपटात त्यांनी न्यूयॉर्कहून पॅरिसला आलेल्या ज्यू धर्मगुरूचे काम केले. त्यात लुई द फ्युनेस यांनी रंगवलेला, ज्यूंचा तिटकारा करणारा कारखानदार दाढी आणि काळी टोपी चढवून पळ काढतो आणि सर्वजण त्यालाच धर्मगुरू समजतात. ज्या शहरात दालियो यांचा चेहरा ओळखीची खूण म्हणून दाखवला गेला होता, त्याच शहरात आता ती खूण कोणालाही अंगावर चढवता येण्याजोगा पोशाख ठरली होती, आणि खरा धर्मगुरू म्हणून दालियो विमानतळावर आपल्या माणसांना शोधत होते.