शांत घराचे रहस्य

शांत घर दिसले की आपण त्याला ‘वळणाचे घर’ म्हणतो. चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘पर्पल हिबिस्कस’ (२००३) ही कादंबरी या समजुतीला हादरा देते. तिच्यातील नायजेरियन कॅथलिक गृहस्थ युजीन दानशूर, धर्मग्रामात आदरणीय. घरी मात्र तो पापाची शिक्षा म्हणून मुलीच्या पायांवर उकळते पाणी ओततो आणि स्वतःही रडतो. मार खाऊन पत्नी मुकाट्याने शोभेच्या बाहुल्या पुसते. पंधरा वर्षांच्या कांबिलीचे शब्द घशातच अडकतात. तरीही पित्याच्या कौतुकासाठी ती आसुसलेली असते. माराला माया समजणे, हाच हिंसेचा सर्वांत खोल घाव होय. केवळ एकत्र प्रार्थनेने घर पवित्र होत नाही. तेथे लेकरू निर्भयपणे बोलू शकते काय, हे आपण आधी पाहावे.