तीन पायांचा प्रश्न

आपल्या ऋषिमुनींनी पुष्कळ अवघड प्रश्न सोडवले. पण स्पॉटिंग स्कोपखाली कोणता ट्रायपॉड लावावा, हा प्रश्न त्यांनी तिरोड्याच्या एका बी. कॉम. बँक-कारकुनासाठी राखून ठेवलेला दिसतो.

स्पॉटिंग स्कोप म्हणजे एका डोळ्याने बघायची धष्टपुष्ट दुर्बीण. ३०० मीटरवरचा सारस साठपटीला जणू ५ मीटरवर येतो, म्हणजे आमच्या काउंटरपासून पासबुकाच्या रांगेचे शेपूट असते तेवढ्यावर. पण ही बया हाताची थरथरही साठपट करते. हातात धरून बघाल तर सारस भांगडा करताना दिसेल! म्हणून तीन पाय. चार पायांच्या टेबलाचा एक पाय अधांतरी असतो आणि त्याखाली व्हाउचरची घडी सारावी लागते, हे कोणीही कारकून सांगेल. तीन पाय कुठेही टेकतात. धान उपणायची तिवई करणाऱ्या सुताराला हे कधीच ठाऊक होते.

प्रश्न वजनाचा. किलोभराचा ट्रायपॉड खांद्याला गोड, पण वारा सुटला की लव्हाळ्यासारखा डोलतो. मधली दांडी वर ओढली की तीन पायांचा एकच पाय होतो. पायांचे तुकडे जितके जास्त तितका शेवटचा तुकडा काडीएवढा. पिळून आवळायच्या सांध्यांत बांधीतला चिखल जाऊन बसतो. त्यापेक्षा खटका बरा. कार्बन फायबरचा हलकाही असतो आणि स्थिरही, पण त्याची किंमत ऐकून माणूस अस्थिर होतो. ॲल्युमिनियमचा तीन किलोंचा मी घरी आणला तेव्हा ही म्हणाली, “अहो, त्याच्या तीन पायांना एवढे पैसे, आणि तुमच्या दोन पायांना तीनशेची चप्पल!”

हिला मी नीतिशास्त्र सांगितले. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात. पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटे, बहुधा दोन अंडी, महिनाभर दोघांनी आळीपाळीने बसायचे. चित्र हलले की बघणारा म्हणतो, ‘जरा पुढे जाऊ’. मग आणखी जरा. सहा फुटांचा पक्षी अंड्यांवरून उठतो आणि कावळा तर टपलेलाच असतो. मी खांद्यावरून वाचवलेले दोन किलो असे घरट्याच्या नावे पडतात. दुहेरी नोंद पद्धतीत वजन कुठे नाहीसे होत नाही हो!

“मग बघायचेच कशाला?” हिने विचारले.

हा प्रश्न मात्र ट्रायपॉडपेक्षा जड निघाला. दुसऱ्याची शिल्लक मी रोज बघतो, पण खातेदाराने सही दिलेली असते. सारसाने मला केवायसी दिलेले नाही. २०२१ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांची बाब स्वतःहून हाती घेतली, तीही त्याच्या सहीशिवायच. शिवाय ज्याच्या बांधीत घरटे असते त्याचे धान उपटले जाते, तुडवले जाते, आणि त्याच्याकडे साधी दुर्बीणही नसते. नुकसान एकाचे, दर्शन दुसऱ्याचे! आमच्या तपासनिसाने अशा खात्यावर लाल शेरा मारला असता.

म्हणून एका श्रावणात लांबच्या धुऱ्यावर ट्रायपॉड रोवला, खालच्या हुकाला डब्याची पिशवी टांगली आणि पहिला डोळा बांधीच्या मालकाला लावायला सांगितला. आधी तो मलाच दटावत आला होता, “जवळ नोका जाऊ जी, ते दोघं घरी आहेत.” त्याने डोळा लावला. बराच वेळ काही बोलला नाही. वारा होता, पण चित्र हलत नसावे.

“पाणी चढलं जी घरट्याले,” तो म्हणाला. “पलीकडचा धुरा फोडा लागते.”

फावडे खांद्यावर टाकून तो निघाला. सरळ नाही, पाच बांध्यांना वळसा घालून.