कानउघाडणी कुणाची?

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी रेल्वे भंडारा रोडवरून, म्हणजे आपल्या वरठीच्या स्टेशनातून जाते; पुढे तुमसर रोड, गोंदिया. याच मार्गाने 1893 मध्ये नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. निरोप घेताना त्याने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली, वाचण्याची गळ घातली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळक पेन्सिल घेऊन वाचायला बसले आणि डोंगरावरच्या प्रवचनात अडकले ते अडकलेच. फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मंडळीत बोध नेहमी इतक्या हलक्या हाताने होत नाही. आपल्याकडे तो पागोळीच्या पाण्यासारखा वरून खालीच येतो: पाळकाकडून मंडळीकडे, सासूकडून सुनेकडे, जुन्या ख्रिस्ती घराण्याकडून नव्याने आलेल्याकडे. खालच्याने मान डोलावली की तो नम्र, प्रश्न विचारला की गर्विष्ठ. शास्त्र मात्र वेगळेच सांगते. मत्तयाच्या 18 व्या अध्यायात पहिली पायरी आहे ती एकट्याने, एकांतात जाऊन बोलण्याची. चारचौघांत नाव घेण्याची पाळी फार नंतर येते. नाथान संदेष्टा दावीदाला बोलला, तेव्हा ऐकणारा राजा होता. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर सुनावले. खरे तर पेत्र त्याच्याआधीचा, प्रभूबरोबर चाललेला. तरीही पेत्राच्या नावे असलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख प्रिय बंधू म्हणूनच येतो. तिन्ही ठिकाणी वडीलधारेपणाचा मुलाहिजा नाही.

मराठी ख्रिस्ती इतिहासात या प्रश्नाचा कस लागला तो पंडिता रमाबाईंच्या बाबतीत. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रात चक्क आजीबाई म्हणत. पण आजीबाईंना रमाबाईंचे शाकाहाराचे व्रत खुपे, धर्ममतांवरच्या शंका खुपत, आणि सर्वांत जास्त खुपे तो स्वतःचा विवेक कुणाकडे गहाण न टाकण्याचा हट्ट. इंग्लंडमध्ये रमाबाईंनी मुलग्यांना शिकवावे, असा विचार निघाला, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. जी बाई भारतात भर सभेत पुरुषांपुढे पुराणे सांगत फिरली होती, तिला हे ऐकावे लागले!

क्रुसाचा प्रसंग तर मुळातून वाचावा असा आहे. रमाबाईंच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरायची होती. रमाबाईंनी नकार दिला. ही भाषा ना मला कळते ना माझ्या देशभगिनींना. तुम्हालाही लॅटिनचे तसेच सोवळे आहे का, जसे ब्राह्मणांना संस्कृतचे, असा त्यांचा रोख होता. इथे दोष दाखवणारी कोण आणि ऐकून घेणारी कोण?

याचा अर्थ रमाबाई कुणाचेच ऐकत नव्हत्या, असा नाही. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ धर्मगुरू होऊन प्रवचने देत राहिला आणि एके दिवशी स्वतःच्याच प्रवचनाने पालटला. ते वाचून रमाबाईंना स्वतःची उणीव दिसली: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला. पुढे 1907 मध्ये त्यांनी ही कबुली स्वतः छापून टाकली. बिशपांपुढे न झुकलेली बाई एका पुस्तकापुढे झुकली, कारण त्या लेखकाने आधी स्वतःची चूक सांगितली होती. माझ्या मते नम्रतेची गोम इथे आहे. गप्प बसणे ही नम्रता नव्हे. पुष्कळदा ती निव्वळ भीती असते, नाहीतर पोटाचा प्रश्न.

आणि जेराल्डीनबाईंना खलनायिका ठरवायचीही घाई नको. मतभेद विकोपाला गेले, तरी पत्रव्यवहार पुढे वर्षानुवर्षे चालला. रमाबाईंची सारी पत्रे, स्वतःला सुनावलेली खरमरीत उत्तरे धरून, त्यांनीच जपून ठेवली. फाडून टाकणे किती सोपे होते! अ. भि. शहांनी संपादित केलेला हा पत्रसंग्रह 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. ज्यांच्यावर मंडळीत इतरांना बोध करण्याची जबाबदारी आहे, त्यांनी पुढच्या बैठकीत कुणाचे नाव घेण्याआधी तो एकदा वाचावा. आणि वाचताना स्वतःला रमाबाईंच्या नव्हे, आजीबाईंच्या जागी ठेवावे.