शिल्लक कुठून आली?

२६ मार्च १९०२. कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर चर्चा चालू होती. सरकारी तिजोरीत कोट्यवधींची शिल्लक पडली होती, तीही पहिल्यांदा नव्हे, आणि त्याबद्दल अर्थसदस्यांचे अभिनंदन होत होते. मुंबईकडून गेलेले पस्तीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले बोलायला उभे राहिले आणि या अभिनंदनात आपल्याला मनापासून सामील होता येत नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. शिलकीचा आकडा खोटा आहे, असे ते म्हणाले नाहीत. आकडा खराच होता. ही शिल्लक आली कुठून, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

हिशेब असा होता. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे. त्यात निवृत्तिवेतने होती, कर्जावरचे व्याज होते, तिथल्या कचेरीचा खर्च होता. चांदी स्वस्त होत गेली तसा रुपया घसरला आणि १८९४-९५ च्या सुमारास तेरा पेन्सांवर आला. एका पौंडासाठी साधारण साडेअठरा रुपये मोजावे लागू लागले. ही ओढाताण भागवायला सरकारने कर वाढवले होते. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला, तो याच काळात. टांकसाळी १८९३ मध्ये चांदीला बंद झाल्या होत्या आणि पुढे रुपया चढत चढत सोळा पेन्सांना पोचला. आता पौंडाला पंधराच रुपये पडू लागले. सरकारवरचा भार उतरला, पण त्या भाराच्या नावाने बसवलेले कर मात्र कुणी उतरवले नाहीत. शिल्लक तिथून आली. आणि ती साठत होती ती वर्षे कोणती? १८९६-९७ च्या दुष्काळापाठोपाठ आलेला १८९९-१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ, मुंबईत आणि मग पुण्यात शिरलेला प्लेग. रयत उपाशी मरत होती त्याच वर्षांत तिजोरी भरत होती, आणि भरलेली तिजोरी हाच देशाच्या भरभराटीचा दाखला म्हणून पुढे केला जात होता.

गोखल्यांनी मांडलेल्या पुराव्यांपैकी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मिठाच्या खपाचा. अडचणीतला माणूस आधी तूप सोडतो, मग तेल, मग डाळ. मीठ तो अगदी शेवटपर्यंत सोडत नाही, कारण भाकरीबरोबर दुसरे काही नसले तरी तेवढे लागतेच. मिठावर कर असल्यामुळे त्याच्या मणामणाची नोंद सरकारदरबारी होत होती. लोकसंख्येच्या मानाने मिठाचा खप वाढत नव्हता, हे त्याच नोंदींतून दिसत होते. सरकारचाच एक आकडा म्हणत होता की देश सुखात आहे. त्याच सरकारच्या दुसऱ्या वहीतला आकडा सांगत होता की माणसांना मीठही जपून वापरावे लागते आहे. गोखल्यांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या.

हे काम एकट्याचे नव्हते. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक शाळामास्तर वर्षानुवर्षे सरकारी अहवाल पिंजून काढत होते. न्यायमूर्ती रानड्यांना आणि मग गोखल्यांना आकड्यांची रसद त्यांनीच पुरवली. गोखले स्वतः फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून चालत असे. पुढे मिठावरचा कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. एका भाषणाने हे घडले असे मी म्हणणार नाही. पण राष्ट्राच्या आकड्यांकडे कसे पाहावे, याचा एवढा स्वच्छ धडा आपल्याकडे सव्वाशे वर्षांपासून आहे आणि तो आपण फारसा गिरवत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आजचा एक आकडा घेऊ. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते. २०२३-२४ मध्ये ते ४१.७ टक्के झाले. सहा वर्षांत एवढी वाढ ही कोणत्याही देशाच्या इतिहासात मोठी गोष्ट आहे. आकडा जाहीर झाला की एका बाजूने ढोल वाजतात, दुसऱ्या बाजूने ‘बनाव’ म्हणून तो झिडकारला जातो, आणि आठवडाभरात विषय संपतो. पुढचा तक्ता उघडण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

त्या तक्त्यात काय आहे? काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये स्वयंरोजगार करणाऱ्यांचा वाटा याच काळात सुमारे ५२ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेला. काम करणाऱ्या एकूण स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणी घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. महिन्याला ठरलेला पगार मिळणाऱ्या स्त्रियांचा वाटा मात्र या वाढीबरोबर वाढलेला नाही.

सर्वेक्षकाच्या पत्रकात प्रत्येक माणसाच्या नावापुढे कामाचा एक सांकेतिक क्रमांक पडतो. घरच्या व्यवसायात बिनपगारी मदत करणाऱ्याला २१, फक्त घरकाम करणाऱ्या बाईला ९२. घरकामाबरोबर सरपण गोळा करणे, घरच्यासाठी शिवणटिपण असली कामे करणारीला ९३. पहिला क्रमांक पडला तर ती देशाच्या श्रमशक्तीत येते. दुसरा किंवा तिसरा पडला तर येत नाही. आता कुठल्याही गावात दारावर जाऊन बाईला विचारा, तुम्ही काय करता? ‘मी कुठं काय करते, घरीच असते,’ हे उत्तर ठरलेले. सर्वेक्षक घाईत असेल तर ९२ लिहून पुढच्या घरी जाईल. तो जरा थांबला आणि त्याने विचारले, मावशी, शेळ्या कोण राखतं, खुरपायला कोण जातं, डेअरीत दूध कोण घालतं, तर त्याच बाईचा क्रमांक २१ होईल. तिच्या दिवसात तसूभरही फरक पडलेला नसताना ती देशाच्या लेखी कामाला लागलेली असेल.

म्हणून ही वाढ खोटी ठरते असे मात्र नाही. कुठेतरी बचत गटाच्या कर्जावर घेतलेल्या पिठाच्या गिरणीने एका बाईच्या हातात खरोखर पैसा आणला असेल. कुठेतरी घरात नळ आणि गॅस आल्याने दुसरीला दोन तास मोकळे मिळाले असतील. आणि कुठेतरी २०२० मध्ये नवऱ्याचे शहरातले काम सुटल्यामुळे तिसरी नाइलाजाने शेतात उतरली असेल. पहिलीची उमेद, दुसरीची सुटका आणि तिसरीची ओढगस्त टक्केवारीत सारखीच मोजली जाते. माझे मत विचाराल तर या वाढीत काही भाग खऱ्या कामाचा आहे आणि काही भाग आपली नजर थोडी सुधारल्याचा. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण शिलकीबद्दल गोखल्यांनी विचारला तसा प्रश्न इथेही आधी विचारायला हवा. कामात आलेल्या या बाईच्या हाती पैसा आला का? २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात दिसले, की घरातली बिनपगारी कामे करणारी स्त्री त्यांवर दिवसाला २९९ मिनिटे घालवते आणि तसे काम करणारा पुरुष ९७. शेतातले तास वाढले म्हणून या पाच तासांतले किती कमी झाले?

महाराष्ट्रात याचे सर्वांत बोचरे रूप ऊसतोडीत दिसते. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्याला, हिशेब कोयत्याचा. पहाटे फडात उतरून मोळ्या बांधणारी, त्या डोक्यावर वाहून ट्रॅक्टरपर्यंत नेणारी आणि परत येऊन खोपीत चूल पेटवणारी बाई त्या हिशेबात वेगळी दिसतच नाही. जिथे व्यवहाराचीच वही तिला अर्धा कोयता मानते, तिथे तिची मजुरी किती, हा प्रश्न विचारला तरी उत्तर कुणाकडून येणार?

दुसरा आकडा अधिक जड आहे, पण तो टाळणे मला बरोबर वाटत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०१३ साली ११,७७२ शेतकरी आत्महत्या नोंदल्या होत्या. २०१४ च्या अहवालात तो आकडा ५,६५० झाला. एका वर्षात निम्म्याहून कमी! कुणालाही हायसे वाटावे. पण त्या वर्षी वर्गवारी बदलली होती. शेतकरी आणि शेतमजूर यांचे रकाने वेगळे केले गेले आणि शेतमजुरांच्या रकान्यात ६,७१० नोंदी पडल्या. दोन्हींची बेरीज १२,३६०. वेगळे रकाने करणे चूक नव्हते. मजुराचे दुःख वेगळे आहे आणि ते वेगळे दिसले पाहिजे. चूक झाली ती फक्त पहिला रकाना वाचून घट झाल्याचे सांगणाऱ्यांची.

याच अहवालात गृहिणी असाही एक रकाना आहे. २०१४ मध्ये त्यात वीस हजारांहून अधिक नोंदी होत्या. मृत व्यक्तीचा व्यवसाय पोलीस ठाण्यातल्या कागदांवरून अहवालात जातो. सातबाऱ्यावर जिचे नाव नाही, ती आयुष्यभर शेतात राबली असली तरी त्या रकान्यात ‘शेतकरी’ असा शब्द तिच्या वाट्याला सहसा येत नाही. आपल्याकडे सरकारी मदतीसाठी प्रकरणे पात्र आणि अपात्र ठरतात. त्यासाठी जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कुठले, वसुलीचा तगादा होता का, हे तपासले जाते. सावकाराच्या तोंडी कर्जाला कागद नसतो. सरकारी पैसा वाटायचा तर नियम लागणार, हे मला मान्य आहे. पण मदतीसाठी आखलेली ती रेष पुढे दुःखाचीच मोजणी होऊन बसते आणि अपात्र ठरलेले घर चर्चेतूनही वजा होते, हे मान्य होण्यासारखे नाही.

असे सगळे वाचले की मनात एक सोपा निष्कर्ष उभा राहतो. आकडे कसेही फिरवता येतात, तेव्हा कशावरच विश्वास नको. सुशिक्षित घरांत हे हल्ली फार ऐकू येते, आणि त्यामागचा राग मी समजू शकतो. २०१७-१८ च्या कौटुंबिक उपभोग-खर्च पाहणीचे निष्कर्ष सरकारने रीतसर प्रसिद्धच केले नाहीत, तेव्हा गरिबीच्या मोजणीत कित्येक वर्षांची पोकळी पडली. विश्वास असा तुटतो. तरीही सरसकट अविश्वास ही मला भाबडेपणाइतकीच आळशी गोष्ट वाटते, आणि तिची किंमत पुन्हा गरीबच मोजतो.

बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८९४ होती. २०११ मध्ये ती ८०७ वर आली. या मधल्या काळात बंद दाराआड जे चालले होते, ते कोणत्या घराने आपणहून सांगितले असते? कोणत्या दवाखान्याने? ते जनगणनेने सांगितले. गर्भातच ज्यांना नाकारले त्या मुलींच्या बाजूने बोलणारे त्या आकड्याखेरीज कुणी नव्हते. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये बसून १९७१ मध्ये दाखवून दिले, की १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातल्या मोठ्या हिश्शाला आणि शहरांतल्या सुमारे निम्म्या माणसांना पुरेसे उष्मांक मिळतील एवढाही खर्च परवडत नव्हता. तेही सरकारी नमुना पाहणीच्याच तक्त्यांवरून. आकडे फेकून दिले असते, तर दारिद्र्यावरची देशाची पुढची चर्चा कशाच्या आधारावर उभी राहिली असती?

२०२१ ची जनगणना झाली नाही. १८८१ पासून दर दहा वर्षांनी चालत आलेला क्रम पहिल्यांदाच तुटला. अन्नसुरक्षा कायद्यात ग्रामीण भागातले ७५ टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक धरायचे असतात. ती टक्केवारी अजून २०११ च्या लोकसंख्येवर चालते. त्यानंतर लोकसंख्या वाढली, रेशनच्या धान्याचा कोटा मात्र जुन्याच माणसांपुरता राहिला. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जनगणना ठरली आहे, आणि बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष शिरगणती फेब्रुवारीत व्हायची आहे. फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. बीडच्या कित्येक वाड्या-तांड्यांवर तेव्हा म्हातारी माणसे आणि कुलुपे असतात. कर्ती माणसे कोल्हापूर-सांगलीच्या, कर्नाटकातल्या फडांवर असतात. ती तिथे खोपीवर गाठून मोजली जाणार की गावात नाही म्हणून निसटणार, याची व्यवस्था जिल्हा प्रशासनांनी आणि साखर कारखान्यांनी आधीच करायला हवी. गावातल्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना फडाचा पत्ता माहीत असतो. त्यांनी तो मोजणाऱ्यांपर्यंत पोचवावा.

आणि आपल्या दारात प्रगणक येईल तेव्हाचे. १९९१ च्या जनगणनेपासून कामाच्या प्रश्नात शेतावरचे आणि घरच्या व्यवसायातले बिनपगारी कामही स्पष्टपणे धरले जाते. ही सुधारणा सहज झालेली नाही. स्त्रियांचे श्रम दिसावेत म्हणून अभ्यासकांनी आणि स्त्री-संघटनांनी त्यासाठी पाठपुरावा केला. मात्र आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ओट्यावर बसलेला कर्ता पुरुष देतो आणि बायको काय करते असे विचारले की ‘काही नाही’ म्हणतो. त्या वेळी तिला बाहेर बोलवावे, प्रगणकासमोर बसवावे आणि वर्षभरात तिने कोणकोणती कामे केली ते तिलाच सांगू द्यावे. वेळ लागला तरी प्रगणकाला चहा देऊन थांबवून ठेवावे.