वेगवान गाडीचा सांभाळ

वेगवान गाडी म्हणजे गरजेपेक्षा जास्त ताकदीची, आणि ती ताकद पेलणारे ब्रेक, टायर व सस्पेन्शन असलेली गाडी. या व्याख्येतले ‘गरजेपेक्षा जास्त’ एवढेच लोकांना ऐकू जाते. मध्य प्रदेश-महाराष्ट्र हद्दीवरचे पांढुर्णा असो की सौसर, अशी गाडी पेट्रोल पंपावर उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ॲव्हरेज किती देते? विचारणारा सहज विचारतो, पण त्यामागे पक्के मत असते. वस्तूची किंमत उपयोगावरून ठरते, आणि गाडीचा उपयोग लिटरमागे मोजायचा असतो.

या हौसेचा विषय निघाला की बोलणे श्रीमंतांकडे वळते. सौसर तालुक्यात तर ते साहजिकच आहे. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात 1991 पासून रेमंडचा कापड कारखाना आहे आणि रेमंडचे गौतम सिंघानिया हे देशातले बहुधा सर्वांत परिचित वेगवेडे. सुपर कार क्लब त्यांनी काढला, युरोपातल्या फेरारी चॅलेंज शर्यतींतही ते उतरले. पण ज्याच्या गाडीची निगा पगारी माणसे राखतात, त्याच्याकडून हौसेबद्दल फार थोडे कळते. सचिन तेंडुलकरची फेरारी 360 मोडेना लोकांच्या लक्षात आहे तीसुद्धा तिच्या इंजिनापेक्षा आयात शुल्काच्या वादामुळे.

खरी हौस मध्यम किमतीच्या गाड्यांभोवती वाढली, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या महाराष्ट्रातच तयार झाल्या. फियाटची पॅलिओ 1.6 जीटीएक्स 2001 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून आली, सुमारे 100 अश्वशक्तीची. औरंगाबादेत जुळवलेली स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस 2004 ची, 1.8 लिटरचे टर्बो इंजिन आणि 150 अश्वशक्ती. चाकणची पोलो जीटी टीएसआय 2013 ची. रांजणगावची अबार्थ पुंटो 2015 ची, 145 अश्वशक्तीची. यातली एकही आज नवी मिळत नाही. फियाटने तर भारतातला मोटारविक्रीचा व्यवसायच गुंडाळला. त्यामुळे अशी गाडी बाळगणारा माणूस निव्वळ ग्राहक राहत नाही. कंपनीने सोडून दिलेले काम तो स्वतःच्या खर्चाने पुढे चालवतो.

इथे वापर आणि सांभाळ या दोन गोष्टी वेगळ्या धरणे सोयीचे होते. वापरणारा गाडीकडून काम घेतो, सांभाळणारा तिचे काम करतो. कंपनीच्या पुस्तकात 15,000 किलोमीटर लिहिलेले असले तरी तो साडेसात हजारांवरच पूर्ण सिंथेटिक ऑइल बदलतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते म्हणून ते दर दोन वर्षांनी काढतो. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचतो, कारण त्यात टायर कोणत्या आठवड्यात व कोणत्या वर्षी बनला ते असते. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होऊन पकड सोडते. घाट चढून आल्यावर टर्बो थंड होईपर्यंत मिनिटभर इंजिन चालू ठेवतो. टायमिंग बेल्ट बदलायला काढला की वॉटर पंपही त्याच वेळी बदलतो, कारण तिथपर्यंत पोहोचण्याचीच मजुरी मोठी असते. वैदर्भीय उन्हाळ्यात तापमान 45 अंशांवर गेले की इंटरकूलरला गार हवा मिळत नाही आणि कागदावरची ताकद रस्त्यावर उतरत नाही, हे त्याला ठाऊक असते. त्या दिवसांत तो गाडी पहाटेच काढतो.

ॲव्हरेजवाल्याचा आक्षेप यावर थांबत नाही. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार चौपदरी रस्त्यावर मोटारीची कमाल मर्यादा 100, द्रुतगती मार्गावर 120. मग 200 ने पळू शकणारे इंजिन कशाला? जास्त ताकद ओव्हरटेक करताना सुरक्षित ठरते, हे हौशी मंडळींचे नेहमीचे उत्तर. ते अर्धेच खरे आहे. घाईच्या माणसाच्या हातात तीच ताकद नको तिथे ओव्हरटेक करायला लावते. पण आक्षेप घेणारा स्वतःही सगळे लिटरमागे मोजत नाही. लग्नाचा मांडव आणि पोळ्याच्या बैलाची झूल त्याच्या हिशेबात बसत नाहीत, तरी तो खर्च करतोच.

बैलाचा विषय निघालाच आहे तर थोडे आडवळण. वर्धा, नागपूर, छिंदवाडा आणि सौसर हा गवळाऊ जातीच्या गुरांचा पट्टा. अंगाने हलकी, रंगाने पांढरी, पायांनी चपळ जात. गोंडवनाच्या डोंगरवाटांवर जलद वाहतुकीसाठी मराठ्यांच्या काळात ती जोपासली गेली असे मानले जाते. जड ओझ्यासाठी दुसरे बैल होते. गवळाऊ पळण्यासाठी निवडलेला. विदर्भातल्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी घड्याळाशी पळते. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. जनावरांच्या छळाचा प्रश्न गंभीर आहे आणि तो निकालाने संपलेला नाही. पण पटाच्या बाजूने मांडलेला एक मुद्दा मोटारींना नेमका लागू पडतो. पळण्याचे काम संपले की पळणारे वाण कोणी पोसत नाही.

मोटारीत हे लवकर दिसते. कव्हरखाली महिनोन्‌महिने जपलेल्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो, टायर एका जागी दबून चपटे होतात, एसीच्या कॉम्प्रेसरचे सील ऑइल न फिरल्याने कोरडे पडतात. उंदीर वायरिंग कुरतडतात ते निराळेच. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढते. त्याला टिकेल असे साहित्य एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांत असते; त्याआधीच्या वेगवान गाडीत तेच इंधन टाकीत साठून राहणे बरे नाही. बाजारापुरत्या दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनीही भागत नाही. ऑइल पुरेसे तापत नाही, आणि त्यात उतरलेले पाणी व पेट्रोल तिथेच राहते. पोलोच्या डीएसजी गिअरबॉक्सचा कोरडा क्लच वाहनांच्या गर्दीत रांगताना तापतो, मोकळ्या रस्त्यावर सुखात असतो.

म्हणजे वापर आणि सांभाळ हा भेद टिकत नाही. अशा गाडीचा सांभाळ वापरातूनच होतो, आणि या मुद्द्यावर ॲव्हरेजवाला हौशी माणसापेक्षा बरोबर निघतो; वस्तू कामातच असली पाहिजे. त्याचे माप तेवढे चुकते. लिटरमागच्या किलोमीटरऐवजी इंजिन पूर्ण तापून सलग किती वेळ चालले, हे मोजायला हवे. सौसरहून सिल्लेवानी घाट चढून छिंदवाडा किंवा पांढुर्ण्याहून सावनेरमार्गे नागपूर, एवढी फेरी त्या मापाने पुरते, तीही मर्यादेत राहून.

उरली कागदपत्रे. गाडी नागपूरच्या क्रमांकाची असेल आणि बारा महिन्यांहून अधिक काळ मध्य प्रदेशात ठेवली असेल, तर मोटार वाहन कायद्यानुसार तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. हद्दीवरच्या गावांत हा नियम सर्रास विसरला जातो. नियमबाह्य फेरबदलास कलम 182-अ नुसार प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर लावणाऱ्यांनी एवढे तरी वाचून ठेवावे. पंधरा वर्षांनी नोंदणी संपते. नूतनीकरण पाच वर्षांपुरते मिळते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते.